बॅकएंडचं काम येतं, ब्लॉकचेन नोडच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये शिरायचंय: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जांबोटीकडचं गाव, बेळगावातल्या एका छोट्या कंपनीत चार वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर बॅकएंडचं काम, आठवड्यातले निम्मे दिवस घरून. एखाद्या ओपन सोर्स ब्लॉकचेन नोडवर, म्हणजे व्यवहारांची सामायिक साखळी जपणाऱ्या नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, मनापासून काम करायची इच्छा आहे. स्पेलिंग दुरुस्त करणारे दोन पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव) पाठवले, दोन्ही काही न बोलता बंद झाले. म्हणून आता विचारताय की रस्ट शिकावं का, क्रिप्टोग्राफी आल्याशिवाय यात शिरता येतं का, आठ जीबीच्या लॅपटॉपवर आणि पावसाळ्यात सारखी लाइट जात असताना हे जमेल का, आणि यातून पुढे नोकरी मिळते का.

मीही बॅकएंडचीच. पेमेंटच्या सिस्टिमवर बरीच वर्षं काम केलं, पुण्यात आणि बंगळुरूत राहिले, आता टिळकवाडीतल्या घरून काम करते. इथेरियम आणि बिटकॉइन या दोन्हींच्या नोडच्या कोडमध्ये मोकळ्या वेळात गेली काही वर्षं काम करत आलेय. त्या अनुभवावरून सांगते: भाषा कोणती, हा प्रश्न बराच नंतरचा आहे. तुम्हाला जे येतं त्यातलं नोडमध्ये काय उपयोगी पडतं आणि रोजच्या कामातली कुठली सवय तिथे घेऊन जायची नाही, हे आधी कळायला हवं. पीआर का बंद झाले तेही पुढे सांगते.

नोड हे नाव ऐकायला मोठं वाटतं, पण कोड उघडून बघा, बराचसा भाग ओळखीचा निघेल. नोड दुसऱ्या नोडशी सॉकेटवर बोलतो. आलेले व्यवहार मेमपूल नावाच्या साठ्यात ठेवतो. त्या साठ्याला मर्यादा असते, ती भरली की कमी फीचे व्यवहार बाहेर काढतो. बिटकॉइन कोअरमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य नोड प्रोग्रॅममध्ये, ही मर्यादा मुळात ३०० एमबी ठेवलेली आहे. नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, आला की नोड तो तपासतो, की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये लिहितो आणि बाहेरून विचारणाऱ्यांना जेसन-आरपीसीवर (बाहेरच्या प्रोग्रॅमने नोडला प्रश्न विचारायची ठरलेली पद्धत) उत्तर देतो. बिटकॉइन कोअरचा डेटाबेस लेव्हलडीबी, बेसू या इथेरियमच्या नोडचा रॉक्सडीबी. कॅशला किती मेमरी द्यायची, डिस्कवर फ्लश कधी करायचं, कनेक्शन लटकलं तर किती वेळ थांबायचं, एकाच आरपीसी कॉलने सगळी मेमरी खाल्ली तर काय करायचं, हे प्रश्न तुम्ही चार वर्षं सोडवतच आहात. क्रिप्टोग्राफीचं म्हणाल तर सह्या तपासण्याचा गाभा बहुतेक ठिकाणी वेगळ्या लायब्ररीत असतो आणि त्यात हात घालणारी माणसं मोजकीच असतात. हॅश म्हणजे काय, सही कशी पडताळतात, मर्कल ट्री कशासाठी असतं, एवढं समजून घेतलं की सुरुवातीला पुरतं.

आता सवयीचं. आपल्या ऑफिसात सर्व्हर आपला असतो. चुकलं तर रोलबॅक करतो, रात्री हॉटफिक्स टाकतो, फारच अडलं तर डेटाबेसमधली ओळ हाताने दुरुस्त करतो. नोडच्या बाबतीत यातलं काहीच नाही. तुमचा कोड जगभरच्या अनोळखी लोकांच्या मशीनवर चालणार, कोण कधी अपडेट करेल हे तुमच्या हातात नाही, आणि तरीही एका ब्लॉकबद्दल सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. माझे मामा उद्यमबागेत टर्निंगच्या कामावर होते. एकच पार्ट तीन-चार शॉपमध्ये बनायचा आणि प्रत्येक शॉपचा गेज (माप तपासायचं साधन) आपापला. एकाचा गेज झिजला की त्याच्याकडे पास झालेला माल पुढच्या शॉपमध्ये रिजेक्ट. मामा म्हणायचे, "पार्ट बरा का वाईट ते मागनं बघू, आधी गेज सगळ्यांचा एकच हाय का बघ की." नोडमध्ये ब्लॉक तपासणारा जो भाग आहे, तो म्हणजे हा गेज. तिथे आपलं उत्तर तर्काला धरून आहे का, यापेक्षा ते बाकी सगळ्यांशी जुळतं का, हे आधी बघावं लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बॅकएंडवाल्यांसाठीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१३ साली बिटकॉइनच्या ०.८ आवृत्तीत डेटाबेस बदलला: बर्कलीडीबी काढून लेव्हलडीबी आणला. आपण याला स्टोरेज लेयरचं रिफॅक्टरिंग म्हणून मोकळे झालो असतो. ब्लॉक वैध ठरवण्याचा एकही नियम कुणी जाणूनबुजून बदलला नव्हता. मार्च महिन्यात २,२५,४३० क्रमांकाच्या जागी एक ब्लॉक आला, त्यात आजवर दिसले नव्हते इतके इनपुट (व्यवहारात खर्च होणाऱ्या आधीच्या नाण्यांच्या नोंदी) होते. ०.८ च्या नोडनी तो बिनतक्रार घेतला. जुन्या नोडपैकी पुष्कळांनी नाकारला. कारण काय, तर बर्कलीडीबीत एका वेळी किती लॉक (नोंद बदलताना ती धरून ठेवणारी कुलुपं) घेता येतात याला एक मर्यादा सेट केलेली होती आणि हा ब्लॉक लिहायला तेवढे लॉक पुरले नाहीत. म्हणजे डेटाबेसच्या कॉन्फिगमधली एक संख्या, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, नेटवर्कचा नियम होऊन बसली होती. साखळी दुभंगली, काही तास दोन फांद्या समांतर वाढत राहिल्या.

तोडगा काय निघाला ते नीट बघा. नवी आवृत्ती निर्दोष होती, मर्यादा जुनीत होती. तरीही माघार नव्या आवृत्तीनेच घेतली. मोठ्या मायनिंग पूलनी (एकत्र मिळून नवे ब्लॉक बनवणाऱ्या गटांनी) ०.८ सोडून पुन्हा ०.७ लावलं आणि जुन्या नोडना चालेल ती फांदी पुढे नेली. पाठोपाठ ०.८.१ मध्ये तात्पुरती मर्यादा घातली गेली आणि १५ मे २०१३ पर्यंत सगळ्यांना अपडेट करायला वेळ दिला गेला. हा सगळा प्रकार बीआयपी ५० या, बिटकॉइनच्या सुधारणा-प्रस्तावांच्या मालिकेतल्या दस्तऐवजात लिहून ठेवलाय. चार पानांचा मजकूर आहे, आज रात्रीच वाचून काढा. नोडमध्ये काम करायला येणाऱ्या प्रत्येक बॅकएंडवाल्याला मी पहिल्यांदा तोच वाचायला देते.

दुसरं उदाहरण बिटकॉइन कोअरचंच, २०१८ च्या सप्टेंबरमधलं, सीव्हीई-२०१८-१७१४४ (सुरक्षेच्या त्रुटीचा नोंद क्रमांक). एकाच व्यवहारात तोच इनपुट दोनदा खर्च केलाय का, ही तपासणी ब्लॉक पडताळताना वगळली गेली होती, कारण ती दुसरीकडे होतेच, पुन्हा कशाला, वेळ वाचेल, असा समज होता. बदल ०.१४ पासून कोडमध्ये होता. एखाद्या मायनरने मुद्दाम तसा ब्लॉक बनवला असता तर नोड कोसळले असते, आणि ०.१५ पासून पुढच्या आवृत्त्यांत तर हवेतून नाणी निर्माण करायची वाट उघडी होती. कुणी गैरफायदा घेण्याआधी चूक कळवली गेली आणि ०.१६.३ मध्ये ती बुजवली. सर्व्हिस लेयरमध्ये व्हॅलिडेशन झालंय तर रिपॉझिटरीत पुन्हा नको, असं म्हणून आपण अशा तपासण्या रोज काढतो. आपल्याकडे ती शहाणपणाची सफाई असते. नोडमध्ये तीच सफाई सुचवली की रिव्ह्यू करणारा, म्हणजे कोड तपासणारा, दहा प्रश्न विचारतो. त्याला उद्धटपणा समजू नका, त्यामागे हा इतिहास आहे.

तुमचे पीआर बंद होण्याचं कारण मात्र वेगळं. मधल्या काळात काही प्रोजेक्टनी गिटहबवर योगदान दिलेल्यांना फुकट टोकन (विकता येणारी डिजिटल नाणी) वाटले. ते कळल्यावर नुसत्या स्पेलिंगच्या आणि स्वल्पविरामाच्या पीआरचा पूर लोटला. एक पीआर बघायला, टेस्ट चालवायला, मर्ज करायला (मुख्य कोडात मिळवायला) मेंटेनरचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा, वेळ जातोच, मग बदल एका अक्षराचा का असेना. त्यामुळे बऱ्याच प्रोजेक्टनी असे पीआर सरसकट बंद करायचं धोरण ठेवलंय. तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण बाहेरून तो दिसत नाही. या प्रोजेक्टमध्ये कोड लिहिणारे तुलनेने पुष्कळ आणि तपासणारे थोडे, हीच कायमची टंचाई आहे. तुम्ही आत शिरताना त्यांचं काम वाढवताय की कमी करताय, एवढा एकच निकष लावा.

काम कमी कसं करायचं? माझ्या मते पहिली पायरी म्हणजे नोड चालवणं आणि तो कुठे अडखळतो हे बघणं. इथे तुमच्या गावची परिस्थिती आड येत नाही, उलट उपयोगी पडते. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो आणि लाइटीचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटर बंद पडतो, म्हणजे नोडचे सगळे पीअर (जोडलेले दुसरे नोड) एका क्षणात तुटतात आणि तासाभराने नेट परत येतं. बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये बसलेल्या माणसाला हा प्रसंग सहसा बघायलाच मिळत नाही. नेट आल्यावर नोड किती वेळात सावरतो, जुन्या पीअरना धरून बसतो की नवे शोधतो, लॉगमध्ये काय लिहितो, हे टिपून ठेवा.

माझा एक जुना डेस्कटॉप खानापुरात आत्याकडे ठेवलाय, मुद्दाम यूपीएसशिवाय. त्यावर टेस्टनेटचे (खऱ्या पैशांशिवायच्या, चाचणीच्या नेटवर्कचे) नोड चालतात. लाइट गेली की मशीन धाडकन बंद. प्रोसेसला किल -९ मारणं (कमांड देऊन प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणं) आणि खरी लाइट जाणं यात फरक आहे, आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. किल मारल्यावर फक्त प्रोसेस मरते; तिने ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली केलेला डेटा नंतर डिस्कवर लिहिला जातोच. लाइट गेली की तोही जातो. म्हणून किल मारून पास झालेली टेस्ट लाइट गेल्यावर नापास होऊ शकते. मशीन पुन्हा सुरू झालं की मी आधी लॉग बघते. गेथ (इथेरियमचा एक नोड) असेल तर 'अनक्लीन शटडाउन डिटेक्टेड' अशी सूचना दिसते. बिटकॉइन कोअरमध्ये फ्लश अर्धवट राहिलं असेल तर 'रिप्लेइंग ब्लॉक्स' दिसतं, म्हणजे नोड डिस्कवरच्या ब्लॉकवरून आपली स्थिती पुन्हा उभी करतोय. तो किती ब्लॉक मागे गेला, किती वेळ लागला, शेवटी सावरला की अख्खा डेटाबेस नव्याने बांधायला लावला, हे आवृत्ती आणि लॉगसकट लिहून ठेवलं तर इश्यू (प्रोजेक्टच्या पानावर नोंदवलेली अडचण) म्हणून ते सोनं आहे. फक्त असले प्रयोग कामाच्या डेटाच्या मशीनवर करू नका.

दुसरी पायरी, एकच प्रश्न दोन नोडना विचारून उत्तरं ताडून बघणं. इथेरियममध्ये यासाठी भरपूर वाव आहे, कारण तिथे एकाच नियमावलीवर चालणारे बरेच क्लायंट (नोडचे वेगवेगळे प्रोग्रॅम) आहेत: गेथ गोमध्ये, बेसू जावामध्ये, नेदरमाइंड सी शार्पमध्ये, रेथ रस्टमध्ये. माझं लक्षात राहिलेलं काम याच वाटेने झालं. लॉग मागवणाऱ्या आरपीसी कॉलला 'कुठून' हा ब्लॉक 'कुठपर्यंत'पेक्षा मोठा दिला, म्हणजे उलटी रेंज दिली, तर एक क्लायंट रिकामी यादी द्यायचा आणि दुसरा एरर. रिकामी यादी मिळालेलं अॅप्लिकेशन समजतं की या काळात व्यवहारच झाले नाहीत. पेमेंटमध्ये काम केलेल्या माणसाला यातला धोका लगेच कळतो: एरर आला तर कुणीतरी चौकशी करतं, रिकामं उत्तर आलं तर हिशेब मुकाट्याने चुकतो. मी दोन्ही विनंत्या, दोन्ही उत्तरं आणि दोन्हींच्या आवृत्त्या एकाखाली एक लिहून इश्यू टाकला. आधी चर्चा झाली, मग दुरुस्ती. प्रत्यक्ष बदल चार-पाच ओळींचा, टेस्ट त्याहून बऱ्याच मोठ्या. अशी तफावत पकडण्यासाठी इथेरियममध्ये हाइव्ह नावाची चाचणीची व्यवस्था आहे. ती डॉकरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्रॅम सुटे-सुटे चालवणाऱ्या साधनात) क्लायंट उभे करून त्यांना तेच प्रश्न विचारते. तिचे निकाल आणि त्यातल्या लाल, म्हणजे नापास झालेल्या, ओळी बघत बसा, काम तिथेच सापडेल.

तिसरी पायरी रिव्ह्यूची, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाची. नवख्या माणसाला वाटतं की रिव्ह्यू करायचा अधिकार आपल्याला कुठला. बिटकॉइन कोअरमध्ये कुणीही रिव्ह्यू करू शकतं, आणि नव्या लोकांनी तिथून सुरुवात करावी अशीच अपेक्षा आहे. मी कशी करते ते सांगते. पीआर आपल्या मशीनवर ओढते, बिल्ड करते, टेस्ट चालवते. मग दुरुस्तीची नेमकी ओळ काढून टाकते आणि नवी टेस्ट लाल होते का बघते. दुरुस्ती काढूनही टेस्ट हिरवीच राहिली, तर ती टेस्ट काही पकडतच नाही. असं अधूनमधून खरोखर आढळतं, आणि हे सांगायला प्रोटोकॉलचं खोल ज्ञान लागत नाही. कॉमेंटमध्ये मी काय चालवलं, कुठल्या सिस्टिमवर, काय बदलून बघितलं, काय समजलं नाही, हे सगळं लिहिते. बिटकॉइन कोअरमध्ये मान्यता देताना 'अॅक' या शब्दापुढे कमिटचा हॅश (कोडमधल्या त्या बदलाचा ओळख-क्रमांक) लिहायची पद्धत आहे, म्हणजे नेमका कुठला कोड तपासला याबद्दल शंका राहत नाही. तिथे पीआर रिव्ह्यू क्लबही आहे; जुन्या बैठकांच्या नोंदी आणि प्रश्न खुले आहेत. आम्ही तिघं-चौघं रविवारी सकाळी टिळकवाडीत एकत्र बसून त्यातला एखादा पीआर वाचतो. एकट्याने वाचताना जिथे डोकं बंद पडतं तिथे दुसऱ्याला काहीतरी दिसतं.

आता प्रोजेक्ट कुठला, हे तुमच्या परिस्थितीवर आहे. जावा हातात असेल तर बेसू हीच सरळ वाट. मुळात पँथिऑन नावाने सुरू झालेला हा क्लायंट २०१९ मध्ये हायपरलेजरकडे आला. जावा, ग्रॅडल, जेयुनिट, सगळं तुमच्या ओळखीचं. प्रत्येक कमिटच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते, नाहीतर तपासणी अडते. आणि पाठवण्याआधी स्पॉटलेस या साधनाने फॉरमॅटिंग करून घ्यायचं. याच भाषेत टेकू नावाचा क्लायंटही आहे, पण तो एकमत घडवणाऱ्या, म्हणजे पुढचा ब्लॉक कुठला हे ठरवणाऱ्या, बाजूचा. इथेरियममध्ये सप्टेंबर २०२२ च्या 'मर्ज' नावाच्या मोठ्या बदलानंतर प्रत्येक नोडला दोन प्रोग्रॅम जोडीने चालवावे लागतात, एक व्यवहार राबवणारा आणि एक एकमताचा. सुरुवातीला बेसूच धरा. बिटकॉइनची ओढ असेल तर मुख्य कोड सी प्लस प्लसमध्ये आहे, पण नोड उभे करून त्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या फंक्शनल टेस्ट पायथनमध्ये आहेत. पायथन येत असेल तर तिथून आत जाता येतं. रस्ट जरूर शिका, चांगली भाषा आहे. पण नवी भाषा आणि नवं क्षेत्र दोन्ही एकदम घेतलं की काय अडतंय हेच कळत नाही. निदान सुरुवातीचे काही महिने एकच गोष्ट नवी असू द्या.

कुठल्याही प्रोजेक्टमध्ये आरपीसी, लॉगिंग, मेट्रिक्स, टेस्ट आणि डेटाबेस सावरण्याचा भाग आधी हाताळा. ब्लॉक वैध-अवैध ठरवणाऱ्या कोडमध्ये वर्षभर तरी बदल सुचवू नका, फक्त वाचा.

मशीनबद्दल. मुख्य नेटवर्कचा पूर्ण नोड तुमच्या लॅपटॉपवर बसवायच्या फंदात पडू नका, त्याची गरजच नाही. इथेरियमसाठी साधारण २ टीबीची एनव्हीएमई (वेगवान) डिस्क सांगतात. बिटकॉइनमध्ये प्रूनिंग लावून (तपासून झालेले जुने ब्लॉक काढून टाकून) ब्लॉकच्या फाइल ५५० एमबीपर्यंत खाली आणता येतात, पण त्यातली मेख लोकांच्या लक्षात येत नाही: डिस्कवर थोडंच ठेवलं तरी पहिल्यांदा सगळे ब्लॉक डाउनलोड करून तपासावेच लागतात, आणि तो आकडा आता ६०० जीबीच्या वर गेलाय. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या घरात हे परवडणारं नाही. त्याऐवजी बिटकॉइनचा रेगटेस्ट मोड वापरा. त्यात साखळी तुमच्या एकट्याची, नेट लागत नाही, हवे तेव्हा ब्लॉक काढता येतात. १०१ ब्लॉक काढले की पहिल्या ब्लॉकची नाणी खर्च करता येतात, कारण मायनिंगची नाणी परिपक्व व्हायला १०० ब्लॉक जावे लागतात. इथेरियमसाठी कुर्टोसिस नावाचं साधन डॉकरमध्ये छोटं खासगी नेटवर्क उभं करतं. आठ जीबीत दोन नोडच उभे करा, जास्त नको. बिल्ड करताना समांतर जॉब कमी ठेवा, नाहीतर मेमरी संपून मध्येच बंद पडेल. जमलं तर १६ जीबी करून घ्या. या कामासाठी करायचा खर्च मला तरी एवढाच वाटतो. डाउनलोडचं मोठं काम बेळगावात ऑफिसला येता त्या दिवशी करून घ्या, अर्थात स्वतःच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसला विचारून.

इंग्रजीची धास्ती तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिली आहे. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, कामावर इंग्रजी असं आपण सगळेच वाढलो; छोट्या वाक्यांत काम भागवायची आपल्याला सवय आहे, आणि इश्यूत तीच हवी असते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कुठली, लॉग हा. बस. कुठल्या तरी एआय साधनाकडून सजवून घेतलेली लांबलचक प्रस्तावना मेंटेनरला दुरून ओळखू येते आणि तिथेच विश्वास जातो. ऐकायची सवय व्हावी म्हणून इथेरियमच्या कोअर डेव्हलपर्सच्या गुरुवारच्या कॉल ऐका. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतात आणि रेकॉर्डिंगही मिळतं. पहिल्या काही कॉलमध्ये फार थोडं कळेल. ऐकत राहा.

एक नियम मात्र कधी मोडू नका. एखादी विनंती पाठवून समोरचा नोड बंद पडतोय, किंवा दोन क्लायंट एकाच ब्लॉकबद्दल वेगळा निकाल देताहेत, असं दिसलं तर उघड इश्यू टाकायचा नाही. प्रत्येक प्रोजेक्टच्या सिक्युरिटी फाइलमध्ये खासगीत कळवायचा पत्ता असतो, तिथे कळवायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये गेथच्या एका जुन्या चुकीमुळे साखळी फुटली होती. नव्या आवृत्तीत ती चूक गाजावाजा न करता दुरुस्त झालेली होती, पण जुनी आवृत्ती चालवणारे, त्यात अॅप्लिकेशनसाठी नोड चालवणारी इन्फ्युरासारखी मोठी सेवाही, चुकीच्या फांदीवर गेले. दुरुस्ती गुपचूप करावी की जाहीर, यावर तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद मेंटेनरना घालू द्या. तुम्ही आणि मी खासगीत कळवायचं.

नोकरीचं. खात्री देता येत नाही. या क्षेत्रातल्या जागा बाजाराच्या चढउताराबरोबर झपाट्याने वाढतात आणि तशाच आटतात. पण नोडवरचं काम वाया जात नाही हे मी बघितलंय; डेटाबेस, नेटवर्क आणि टेस्ट यांची जी समज येते ती कुठल्याही बॅकएंडच्या मुलाखतीत दिसते, आणि तुमचे रिव्ह्यू उघड्यावर असल्यामुळे कुणीही वाचू शकतं. समर ऑफ बिटकॉइन आणि इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिप या दोन वाटा बघून ठेवा. फेलोशिपमध्ये निवड झाली नाही तरी स्वतःहून सहभागी होता येतं. पात्रतेच्या अटी दरवेळी वाचून घ्या.

याच वाटेवर एक सापळा आहे. लिंक्डइनवर आकर्षक पगाराची 'ब्लॉकचेन बॅकएंड'ची जागा सांगायची, मग चाचणी म्हणून एक रिपॉझिटरी क्लोन करून चालवायला लावायची, आणि तिच्या आत पासवर्ड व वॉलेट चोरणारा कोड. सुरक्षा संशोधकांनी अशा मोहिमांचा माग उत्तर कोरियाशी जोडलेल्या गटांपर्यंत काढलाय. अनोळखी माणसाने दिलेला कोड कधीही आपल्या मुख्य मशीनवर चालवू नका. वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, नाहीतर नुसता वाचा.

पैशांचं थोडं. मानधन टोकनमध्ये मिळणार असेल तर आधी सीएला विचारा. आभासी डिजिटल मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. आणि सगळ्याच्या आधी तुमच्या कंपनीचं नेमणूक पत्र बाहेर काढा. नोकरीत असताना लिहिलेला कोणताही कोड कंपनीचा, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं. तसं असेल तर ओपन सोर्सला योगदान द्यायची परवानगी ईमेलवर लेखी घ्या. छोट्या कंपनीत मालकांशी समोरासमोर बोलणं सोपं असतं. बोला, पण नंतर ते लिहूनही घ्या.

पुढच्या महिन्याभरात बेसू बिल्ड करा, रेगटेस्ट किंवा कुर्टोसिसवर काहीतरी चालवून मोडून बघा, आणि दुसऱ्या कुणी टाकलेला एखादा जुना इश्यू तुमच्या मशीनवर पुन्हा घडवता येतो का ते पाहा. घडला तर त्या इश्यूखाली आवृत्ती, पायऱ्या आणि लॉग लिहा. नाही घडला तरी लिहा, आताच्या आवृत्तीत दिसत नाही हे कळणंही मेंटेनरला हवं असतं. कुठे अडलात तर इथेच विचारा, फक्त जावाची आवृत्ती आणि लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी सोबत द्या, म्हणजे मला नेमकं सांगता येईल.